पावसाचे टायर, ट्रॅकचे टायर

पत्र:

माझी २०२३ची फोक्सवॅगन व्हर्टस आहे, दीड लिटर इंजिनाची, मॅन्युअल. राहायला मानपाड्याला, ऑफिस ऐरोलीला. सकाळी लेकीला शाळेत सोडून पुढे जातो, रोजचे तीसेक किलोमीटर होतात. गेल्या डिसेंबरात मित्रांबरोबर पहिल्यांदा तळेगावजवळच्या नानोलीच्या ट्रॅकवर गेलो आणि वेडच लागलं. आता हिवाळ्यात दोन-तीनदा तरी जायचंच. पण त्या दिवशी पुढच्या दोन्ही टायरची बाहेरची कड सोलून निघाली आणि परत येताना एक्सप्रेस वेवर स्टिअरिंग थरथरत होतं. मित्रांच्या सांगण्यावरून हवा २६ पीएसआयवर आणली होती. गाडीचे २८ हजार किलोमीटर झालेत, टायर आता बदलायचे आहेत. मित्र म्हणतात सेमी-स्लिक, म्हणजे कमी खाचांचे ट्रॅकचे टायर घे आणि रिमही १७ इंची कर. बायको म्हणते, लेक रोज बसते त्या गाडीला असले टायर नकोत. दोन्हीकडे चालेल असा एकच सेट सांगाल का?
— आ. प., ठाणे

उत्तर:

आ. प., आधी त्या थरथरीचं बोलू. ट्रॅकवर वितळत आलेल्या रबराचे बारीक गोळे पडलेले असतात. तुमचे टायर गरम असतात, त्यामुळे शेवटच्या संथ फेरीत ते गोळे टायरला चिकटतात आणि गाडी रस्त्यावर आली की खडबडते. हे कारण असेल तर वीस-पंचवीस किलोमीटरमध्ये गोळे झडतात आणि गाडी पुन्हा गुळगुळीत चालते. तळेगावहून निघून घाट उतरेपर्यंत थरथर गेली असेल तर काळजी नाही. नसेल गेली, तर रिमच्या आतल्या बाजूला हात घालून बघा. बॅलन्सिंगची वजनं तिथे चिकटपट्टीने लावलेली असतात. ट्रॅकवर ब्रेक इतके तापतात की ती चिकटपट्टी सुटते आणि वजन गळून पडतं. वजन असायचं तिथे नुसता काळा चिकट चौकोन हाताला लागेल. माझ्या गाडीचं हे दोनदा झालंय. आता ट्रॅकला जायच्या आधी मी वजनांवरून अ‍ॅल्युमिनियमची टेप मारून घेतो.

सोललेल्या कडेचं कारण बहुतेक ते २६ पीएसआयच आहे. हवा कमी केली की पकड वाढते, हा सल्ला ट्रॅकवर सर्रास मिळतो. कडक साइडवॉलच्या, म्हणजे टायरची बाजूची भिंत किंवा कंबर कडक असलेल्या, शर्यतीच्या टायरसाठी त्यात तथ्य आहे. कंपनीतून येतात ते टायर मऊ कमरेचे असतात. हवा कमी आणि पुढे इंजिनाचं वजन, अशात जोरात वळलात की टायर रिमवर कलंडतो आणि गाडी जमिनीला टेकणाऱ्या नक्षीवर उभी राहायची ती कडेवर उभी राहते. मग कड सोलून निघणारच. पुढच्या वेळी काय करायचं ते खाली सांगतो.

आता मूळ प्रश्न. तुमच्या पत्नीचं म्हणणं बरोबर आहे आणि मी पूर्णपणे त्यांच्या बाजूने आहे. तुमचे टायर वर्षातले तीन दिवस नानोलीला असतील आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंतचा रोजचा दिवस घोडबंदर रोडवर, माजिवड्याच्या पुलावर, तीन हात नाक्यावर आणि ऐरोलीच्या पुलावर. टायर निवडायचा तो पावसासाठी. ट्रॅकची सोय त्यातूनच निघते, कशी तेही सांगतो.

टायरवरच्या खाचांना लोक शोभा समजतात. तुमच्या २०५/५५ आर १६ मापाच्या टायरचा घेर जवळपास दोन मीटर भरतो. ताशी ८० किलोमीटरला तो सेकंदाला अकरा वेळा फिरतो. प्रत्येक फेरीला जमिनीला टेकतो तो तळहातापेक्षा थोडा मोठा तुकडा. रस्त्यावर पाणी साचलेलं असेल तर तेवढ्या क्षणात ते पाणी बाजूला सारून डांबर गाठायचं काम खाचा करतात. नव्या साध्या टायरची खाच सात-आठ मिलिमीटर खोल असते. सेमी-स्लिकला ती मुळातच कमी खोल असते आणि संख्येनेही खाचा थोड्या असतात, कारण कोरड्या ट्रॅकवर जास्तीत जास्त रबर जमिनीला लागावं एवढाच त्याचा उद्देश. पाण्याला जायला वाट मिळाली नाही की टायर पाण्यावर चढतो.

हे मी स्वतः भोगलंय. पंधराएक वर्षांपूर्वी हौसेने ट्रॅकचे टायर घेतले, थोडे वापरलेले, एका ओळखीच्याकडून. हिवाळाभर मजा केली आणि पावसाळ्यातही तसेच ठेवले, म्हटलं एवढं काय होतंय. जुलैतल्या एका संध्याकाळी भिवंडीहून परत येत होतो, आई मागे बसली होती. साकेत पुलाच्या अलीकडे डाव्या लेनमध्ये पाण्याचा पट्टा होता. वेग साठ-पासष्टच असेल. स्टिअरिंग हातात एकदम हलकं झालं, चाकांना जोडलेलंच नसावं तसं. उजवीकडे वळवलं तरी गाडी सरळच जात राहिली. ब्रेक दाबला नाही एवढंच सुचलं. पाय अलगद उचलून धरला. पट्टा संपला, टायरने रस्ता पकडला आणि स्टिअरिंग उजवीकडे वळलेलंच असल्यामुळे गाडीने जोराचा हिसका खाल्ला. शेजारच्या लेनमध्ये तेव्हा टेम्पो नव्हता म्हणून आज हे लिहितोय. आईने विचारलं, "काय झालं रे?" मी म्हटलं, "खड्डा होता." त्या आठवड्यात टायर काढले. तुमची लेक मागच्या सीटवर बसते, म्हणून एवढं सविस्तर सांगितलं.

दुकानात गेल्यावर साइडवॉलवर तीन गोष्टी वाचा. पहिली ट्रेडवेअरचा, म्हणजे झिजेचा आकडा. ही अमेरिकी पद्धत आहे. १०० म्हणजे कसोटीचा टायर आणि ३०० म्हणजे त्या चाचणीत तिप्पट टिकणारा. हा आकडा कंपनी स्वतःच्या चाचणीवरून स्वतःच ठरवते, म्हणून दोन कंपन्यांची तुलना त्यावरून काटेकोर होत नाही, पण जात कळते. टोयोच्या आर८८८आरवर १०० असतो, योकोहामाच्या अ‍ॅडव्हान ए०५२वर २००, मिशेलिनच्या पायलट स्पोर्ट ४एसवर ३००. आरामात लांब पल्ला चालणाऱ्या टायरवर ४०० किंवा त्याहून जास्त. तुमच्यासाठी मला ३००च्या आसपासचा पट्टा बरोबर वाटतो. २००च्या खाली रोजच्या गाडीसाठी जाऊच नका.

दुसरी गोष्ट ट्रॅक्शनचं अक्षर: एए, ए, बी, सी. ही चाचणी ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत ब्रेक मारून होते. वळणावरची पकड किंवा पाण्यावर चढण्याची भीती त्यात मोजलेली नाही. त्यामुळे मऊ रबराचा टायर इथे चांगलं अक्षर मिळवू शकतो आणि तरी साकेतच्या पाण्यात तुम्हाला सोडून जाऊ शकतो. टायरला युरोपचं लेबल असेल तर त्यावर ओल्या पकडीसाठी ए ते ई अशी वेगळी श्रेणी असते, तिथे ए किंवा बी शोधा.

तिसरी गोष्ट तारीख. डॉट या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी लांबट गोलात चार आकडे असतात. ३१२५ म्हणजे २०२५चा एकतिसावा आठवडा. हे आकडे बहुतेक वेळा टायरच्या एकाच बाजूला असतात, म्हणून टायर उलटून बघा आणि चारही टायरचे बघा. स्पोर्ट्सचे टायर कमी खपतात, गोदामात पडून राहतात. वर्षापेक्षा जुना माल घेऊ नका. वागळे इस्टेटपासून तुर्भ्यापर्यंत कुठल्याही चांगल्या दुकानात तुम्ही आकडे वाचायला वाकलात की दुकानदार आपणहून ताजा माल काढतो.

वजनाचा आणि वेगाचा निर्देशांक थोडक्यात: मूळ टायरवर जे लिहिलंय त्याच्या खाली उतरू नका. ९१ म्हणजे एका टायरवर ६१५ किलो, व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटर.

ब्रँडचं विचाराल तर मिशेलिनचं पायलट स्पोर्ट घराणं, योकोहामाचं अ‍ॅडव्हान आणि अपोलोच्या मालकीच्या व्रेडेस्टाइनचं अल्ट्रॅक, या तिन्हींकडे बघा. तुमच्या मापात, ताज्या तारखेचा, इथे सहज मिळणारा जो असेल तो घ्या. "सहज मिळणारा" यावर माझा जोर आहे. जून २०२०मध्ये सरकारने मोटारींच्या टायरची आयात निर्बंधित यादीत टाकली. ती परवान्याशिवाय होत नाही. शिवाय टायरवर आयएसआयचं चिन्ह सक्तीचं आहे. परदेशी ट्रॅक टायरचा सेट कुठूनतरी मिळवाल, पण गायमुखच्या खड्ड्यात त्यातला एक फुटला तर तोच एक टायर पुन्हा कुठून आणणार? मग एकाच धुरीवर दोन जातींचे टायर लावायची वेळ येते, आणि ते ओल्यात धोक्याचं.

१७ इंची रिमचा विचार डोक्यातून काढा. आता तुमच्या टायरची कंबर ११३ मिलिमीटर उंच आहे. १७वर २१५/४५ घेतलात तर ती ९७वर येते. घोडबंदरला मेट्रोचं काम सुरू झाल्यापासून रस्त्याची काय अवस्था आहे हे तुम्ही रोज बघता. त्या १६ मिलिमीटरवर खड्ड्याचा पहिला मार जातो. कंबर कमी झाली की रिमची कड आणि खड्ड्याची धार यांच्यात रबर चिमटतं, आतले धागे तुटतात आणि दोन दिवसांनी साइडवॉलवर लिंबाएवढा फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही. कोणी "ठिगळ मारून देतो" म्हटलं तरी ऐकू नका. तो टायर एक्सप्रेस वेवर न्यायचा नाही, ट्रॅकवर तर नाहीच नाही.

आता ट्रॅकची सोय. नव्या टायरचे खाचांमधले रबराचे ठोकळे उंच असतात. कोरड्या ट्रॅकवर जोर पडला की ते मुळापासून वळवळतात, वळवळल्याने तापतात आणि तापले की तुकडे निघतात. उंची कमी असलेला ठोकळा ताठ उभा राहतो. परदेशात हौशी मंडळी पैसे देऊन नवे टायर तासून घेतात ते याचसाठी. आपल्याकडे तेच काम रोजचा रस्ता फुकटात करतो. पावसासाठी निकामी होत आलेला रस्त्याचा टायर कोरड्या ट्रॅकवर शिकण्यासाठी अगदी योग्य असतो.

म्हणून माझी योजना अशी. पाऊस यायच्या आत, म्हणजे याच महिन्यात, चार नवे टायर गाडीला लावा. जुन्यांतले मागचे दोन टायर फेकू नका. पुढचे दोन मात्र सोललेत, ते जाऊ द्या. जुनी २०५/५५ची जोडी तुमच्याच जातीची, फुगा-चीर नसलेली, मिळाली तर घ्या, म्हणजे ट्रॅकसाठी चार टायर होतील. मिळाली नाही तर या हिवाळ्यात नव्यांवरच जा, तोवर पावसाळ्याने त्यांचेही ठोकळे जरा उतरलेले असतील. आणि हा नवा सेट तीन वर्षांनी तीन-चार मिलिमीटरवर आला की त्याच्यासाठी १६ इंची जुन्या रिमचा एक संच शोधा. रिमचे बोल्टचे माप, मधलं भोक आणि ऑफसेट (रिम किती आत-बाहेर बसतं ते माप) तुमच्या मूळ रिमशी जुळले पाहिजेत. मग तो सेट ट्रॅकचा आणि पुन्हा नवा सेट पावसाचा. कायद्याने खाच १.६ मिलिमीटरवर आली की टायर बाद. खाचेच्या तळाशी आडव्या पट्ट्या असतात, त्या नक्षीच्या पातळीला आल्या की समजायचं. मी पावसाळ्यात ३च्या खाली गाडी काढत नाही आणि ट्रॅकवर २च्या खाली.

रस्त्याच्या टायरचा आणखी एक गुण नवशिक्याला फार मोलाचा आहे. तो बोलतो. पकड सुटायच्या आधी तो किंचाळायला लागतो, आधी बारीक आणि मग जास्त, आणि तुम्हाला सावरायला वेळ मिळतो. सेमी-स्लिकची पकड जास्त असते, पण सुटते तेव्हा गुपचूप सुटते, शिवाय तुम्ही जास्त वेगात असता. पहिल्या वीस-पंचवीस सत्रांत तुम्हाला तो आवाज ऐकायला शिकायचंय. पूर्वी यासाठी चेन्नई किंवा कोईमतूर गाठावं लागायचं, आता तळेगाव शंभरेक किलोमीटरवर आहे. सरावाला घाई नाही.

नानोलीला पोचल्यावर हवेचं असं करा. गेज स्वतःचं न्या आणि १२ व्होल्टचा छोटा पंपही. टायर थंड असताना ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेली हवा भरा, कमी करू नका. खडूचा एक तुकडा खिशात ठेवा. प्रत्येक टायरवर कडेपासून साइडवॉलवर उतरणाऱ्या तीन रेघा मारा. पुष्कळ टायरच्या कडेवर छोटा त्रिकोण कोरलेला असतो, रेघ त्याच्यावरून जाऊ द्या. चार-पाच फेऱ्या मारून परत या आणि दोन मिनिटांच्या आत हवा मोजा. ३३ची ३९ झालेली दिसली तर घाबरू नका, हवा तापली की दाब वाढतोच. मग खडू बघा. तो त्रिकोणापर्यंत पुसला गेला असेल तर हवा नेमकी आहे. त्रिकोणाच्या खाली साइडवॉलवर पुसला गेला असेल तर टायर कलंडतोय, हवा वाढवा. डिसेंबरात तुमच्या पुढच्या टायरवर खडू असता तर पहिल्याच सत्रात हे दिसलं असतं. आणि त्रिकोणाच्या बऱ्याच वर खडू शाबूत राहिला असेल तर गरम टायरमधून एक-एक पीएसआय सोडा आणि पुन्हा फेरी मारा. आकडे वहीत लिहा, कारण डावीकडचे आणि उजवीकडचे सारखे येत नाहीत. ज्या ट्रॅकवर उजवी वळणं जास्त तिथे डावे टायर जास्त तापतात.

निघायच्या आधी टायर निवू द्या आणि स्टिकरवरच्या आकड्यापर्यंत हवा परत भरा. गरम असताना ३६ दिसणारा टायर निवल्यावर २९-३० दाखवतो आणि तेवढ्यावर एक्सप्रेस वेच्या काँक्रीटवर १०० किलोमीटरच्या वेगाने घरी येणं म्हणजे टायर आतून भाजत येणं. ट्रॅकहून परतताना फुटलेले टायर मी बघितलेत. ती माणसं दिवसभर नीट चालवून दमून, समाधानाने घरी निघालेली होती आणि पंप डिकीतच राहिला होता.

टायरवर खर्च करताना थोडे पैसे ब्रेक ऑइलसाठी राखून ठेवा. ते हवेतला ओलावा शोषतं आणि आपल्याकडे चार महिने हवेत नुसता ओलावाच असतो. नवं डॉट ४ ऑइल २३० अंशांना उकळतं, ओलावा घेतलेलं १५५ला. उकळलं की पेडल जमिनीला लागतं आणि गाडी थांबत नाही. दिवाळीनंतर पहिल्या ट्रॅकच्या आठवड्यात ते बदलून घ्या. त्याच दिवशी अलाइनमेंट करा, पावसाळ्यातल्या खड्ड्यांनी ते हललेलंच असतं. चाकांचे बोल्ट टॉर्क रेंचने १२० न्यूटन-मीटरला कसा आणि पहिल्या सत्रानंतर गाडी निवली की पुन्हा तपासा.

विम्याचं एकच: आपल्या मोटार विम्यात शर्यत आणि वेगाच्या चाचणीसाठीचा वापर वगळलेला असतो. ट्रॅकवर गाडी ठोकली तर खर्च खिशातून. पॉलिसी काढून "वापराच्या मर्यादा" हा परिच्छेद घरी दोघांनी मिळून वाचा.

नवे टायर लावले की पहिले दोन-तीनशे किलोमीटर सांभाळून चालवा. साच्यातून काढताना लावलेला बुळबुळीत थर अजून नक्षीवर असतो. चारही एकाच जातीचे घ्या. पुढे कधी दोनच बदलायची वेळ आली तर जास्त खोल खाचांचे मागे लावा. दुकानदार पुढे लावायला सांगेल, पण ओल्या वळणावर मागचं चाक आधी सुटलं तर गाडी फिरते आणि ती सावरणं तुमच्या-माझ्यासारख्याच्या हातात राहत नाही.

डिसेंबरात नानोलीला जाऊन आलात की वहीतले हवेचे आकडे मला पाठवा, चारही टायरचे, थंड आणि गरम दोन्ही.